ऐकलेल्या गाण्यांची नोंद कॉम्प्युटरवर नीट कशी ठेवायची: टॅगपासून बॅकअपपर्यंत

कॉम्प्युटरवर कोणतं गाणं कधी ऐकलं याची आपोआप नोंद ठेवणं, म्हणजे स्क्रॉबलिंग, हे दहा मिनिटांचं काम वाटतं. खातं उघडा, प्लेअरमध्ये एक खूण करा, झालं. दोन-तीन महिन्यांनी मात्र प्रश्न सुरू होतात. एकाच गायिकेची चार नावं का दिसतात? प्रत्येक गाणं दोनदा का लागतंय? गाण्यांच्या यादीत स्वयंपाकाचे आणि बातम्यांचे व्हिडिओ कुठून आले?

कारणं बहुतेक वेळा तीच निघतात. टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची, कलाकाराची, अल्बमची नावं, साफ न करता नोंद सुरू केलेली असते, एकाच प्लेअरवर दोन सॉफ्टवेअर लक्ष ठेवून असतात, किंवा चाचणी न घेता सगळा जुना इतिहास आत ओतलेला असतो. या चुका नंतर निस्तरणं कटकटीचं आहे, कारण पाठवलेली नोंद म्हणजे त्या क्षणीचा नुसता मजकूर असतो. फाइलमधलं नाव तुम्ही उद्या सुधारलंत तरी कालची नोंद चुकीचीच राहते. त्यामुळे खाली दिलेला क्रम मोडू नका. विशेषतः प्लेअर जोडायची घाई करू नका. तो चौथ्या टप्प्यावर आहे आणि तिथेच असू द्या.

## सुरुवातीआधी: नोंद नक्की कधी होते?

लास्ट.एफएम आणि लिसनब्रेन्झ या अशा नोंदी साठवणाऱ्या दोन ऑनलाइन सेवा. लास्ट.एफएमचा नियम असा आहे: गाणं ३० सेकंदांपेक्षा मोठं हवं आणि त्याचा निम्मा भाग किंवा ४ मिनिटं, यांपैकी जे आधी होईल तेवढं ते वाजायला हवं. लिसनब्रेन्झनेही निम्म्याची किंवा ४ मिनिटांची हीच अट ठेवली आहे. म्हणजे ५ मिनिटं ४० सेकंदांचं गाणं २ मिनिटं ५० सेकंदांना नोंदलं जातं, ५० मिनिटांचं मैफलीचं रेकॉर्डिंग ४ मिनिटांना, आणि लास्ट.एफएमवर २५ सेकंदांचा तुकडा कधीच नाही.

गाणं सुरू होताच प्रोफाइलवर जी ‘आत्ता वाजतंय’ अशी ओळ दिसते, ती नोंद नव्हे. ती तात्पुरती सूचना असते आणि अट पूर्ण होण्याआधी गाणं बदललं की निघून जाते. ‘दिसलं होतं, मग गायब झालं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं, बिघाड काहीच नसतो.

गाण्याची लांबी इथे मोजली जात नाही, हेही लक्षात असू द्या. ५० मिनिटांचं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं तरी नोंद एक आणि अडीच मिनिटांचं गाणं ऐकलं तरी एकच. लांब रचना ऐकणाऱ्यांनी ‘सर्वाधिक ऐकलेले कलाकार’ ही यादी फार मनावर घेऊ नये.

## टप्पा १: कुठून ऐकता त्याची यादी करा

कागद घ्या किंवा नोटपॅड उघडा. कॉम्प्युटरवर गाणी जिथून जिथून वाजतात ती प्रत्येक जागा एका ओळीत लिहा: हार्ड डिस्कवरच्या फाइली वाजवणारा प्लेअर, स्ट्रीमिंगचं डेस्कटॉप अ‍ॅप, ब्राउझरमधल्या साइट. आता प्रत्येक ओळीसमोर तिची नोंद कोण पाठवणार ते लिहा. एका ओळीसमोर एकच नाव. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच आहे.

पाठवणारे चार प्रकारचे असतात.

प्लेअर स्वतः. म्युझिकबी, स्ट्रॉबेरी, रिदमबॉक्स यांच्यात सोय आतच आहे, फूबार२००० मध्ये वेगळा कंपोनंट (जोड-भाग) घालावा लागतो. फाइलींसाठी हा सर्वांत भरवशाचा मार्ग, कारण टॅग, गाण्याची लांबी आणि किती वाजलं हे तिन्ही प्लेअरला नेमकं माहीत असतं.

बाहेरून पाहणारं सॉफ्टवेअर. पॅनो स्क्रॉबलरसारखी अ‍ॅप्स ऑपरेटिंग सिस्टिमकडून माहिती घेतात. विंडोजमध्ये वाजत असलेल्या गाण्याचं नाव आणि पॉजचं बटण दाखवणारी जी व्यवस्था आहे तिच्यातून, लिनक्सवर एमप्रिस नावाच्या व्यवस्थेतून. स्वतःची सोय नसलेल्या प्लेअरला हा मार्ग उपयोगी पडतो. पण लक्षात घ्या, ब्राउझरसुद्धा याच व्यवस्थेत आपली माहिती टाकतो. म्हणजे ब्राउझरमध्ये लावलेला कोणताही व्हिडिओ या सॉफ्टवेअरला ‘गाणं’ वाटू शकतो.

ब्राउझरचं एक्स्टेन्शन. यातलं सर्वांत वापरातलं म्हणजे वेब स्क्रॉबलर. ते पानावरचं नाव वाचतं.

सर्व्हरकडून सर्व्हरला. स्पॉटिफायचं खातं लास्ट.एफएमला थेट जोडता येतं. मग फोनवर ऐका नाहीतर कॉम्प्युटरवर, नोंद परस्पर जाते. तुमच्या मशीनवर काहीही बसवावं लागत नाही.

> सावधान: स्पॉटिफाय थेट जोडलेलं असेल तर वेब स्क्रॉबलरमध्ये स्पॉटिफायची साइट बंद करा आणि बाहेरून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीतूनही ते अ‍ॅप काढा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. इथे तर तीन शिरतात.

## टप्पा २: टॅग साफ करा

हा सर्वांत कंटाळवाणा टप्पा आहे आणि लोक नेमका हाच टाळतात. स्क्रॉबलर तुमच्या फोल्डरचं किंवा फाइलचं नाव बघत नाही. तो टॅगमधलं कलाकाराचं नाव, गाण्याचं नाव आणि अल्बमचं नाव पाठवतो. त्यात एका अक्षराचा फरक असला की सेवेच्या दृष्टीने तो वेगळा कलाकार.

२.१ आधी प्रत काढा. टॅग बदलणं म्हणजे फाइलमध्येच लिहिणं. सगळ्या संग्रहाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२.२ कलाकारांची यादी नजरेखालून घाला. प्लेअरमध्ये कलाकारांप्रमाणे यादी लावा आणि वरपासून खालपर्यंत सावकाश बघा. सहसा सापडतात ते प्रकार असे:

- एकाच व्यक्तीचं नाव कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत, आणि रोमनमध्येही दोन-तीन स्पेलिंगं.
- नावाच्या शेवटी सुटलेली मोकळी जागा. डोळ्यांना दिसत नाही, पण कलाकार दोन होतात.
- कलाकाराच्या जागी संगीतकाराचं किंवा चित्रपटाचं नाव, किंवा फाइल जिथून आली त्या साइटची जाहिरात.
- ‘अमुक फीट. तमुक’, ‘अमुक आणि तमुक’, ‘अमुक, तमुक’ असे तीन वेगळे ‘कलाकार’.
- ‘अज्ञात कलाकार’ आणि ‘ट्रॅक ०१’. जुन्या सीडी उतरवताना नावं भरली नाहीत की हे हमखास राहतं.

देवनागरी टॅग वापरणाऱ्यांसाठी एक खास खाच आहे. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध एक चिन्ह म्हणूनही साठवता येतं आणि ‘र’ अधिक खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणूनही. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. दोन नावं तंतोतंत सारखी असूनही यादीत वेगळी उभी राहत असतील तर त्यातलं एक नाव कॉपी करून दोन्हीकडे पेस्ट करा. नुसतं परत टाइप करून भागेलच असं नाही, कारण कीबोर्ड पुन्हा तेच वेगळं रूप उमटवू शकतो.

२.३ स्वतःचा नियम ठरवा आणि लिहून ठेवा. लिपी कोणती? एकापेक्षा जास्त गायक असतील तर काय? माझं मत विचाराल तर कलाकाराच्या जागी मुख्य गायकाचं किंवा बँडचं नाव, सोबतच्या पाहुण्या गायकाचं नाव गाण्याच्या नावात, आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ हे फील्ड संपूर्ण अल्बमभर एकच. युगुलगीतांच्या बाबतीत हा नियम कुणा एकावर अन्याय करतो हे खरं. पण जोडीचं नाव ठेवलंत तर दोघांपैकी कुणाचीच नोंद एकत्र होत नाही. कोणताही नियम चालेल. तो निम्म्या संग्रहाला लावून सोडून देणं चालणार नाही.

२.४ प्रत्यक्ष दुरुस्ती. विंडोजवर हाताने किंवा गठ्ठ्याने बदल करायला एमपीथ्रीटॅग सोपं आहे. अल्बम ओळखून सगळे टॅग भरून हवे असतील तर म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या मुक्त माहितीसाठ्याचं पिकार्ड वापरा. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. पिकार्डमध्ये काम या क्रमाने करा:

1. ऑप्शन्स मेन्यूत ‘रिनेम फाइल्स’ आणि ‘मूव्ह फाइल्स’ यांवर खूण नाही याची खात्री करा. असेल तर सेव्ह करताच फाइली जागा किंवा नाव बदलतील आणि प्लेअरची लायब्ररी मोडेल.
2. एकाच अल्बमचं फोल्डर आत ओढा. सगळा संग्रह एकदम नको.
3. टॅग बरे असतील तर ‘लुकअप’ करा. नावंच नसतील तर ‘स्कॅन’. ते प्रत्यक्ष आवाजाचा ठसा काढून अकूस्टआयडीच्या साठ्याशी ताडून बघतं.
4. उजवीकडे आलेला अल्बम उघडून ट्रॅकची संख्या आणि वेळा जुळतात का पाहा. संकलनाच्या अल्बममध्ये गाणं खरं, पण अल्बम भलताच, असं फार होतं.
5. खालच्या भागात जुना टॅग आणि नवा टॅग शेजारी दिसतात. ते वाचा. मगच सेव्ह.

कलाकारांची नावं कोणत्या भाषेत हवीत हे पिकार्डच्या मेटाडेटा सेटिंगमध्ये ठरवता येतं. २.३ मध्ये ठरवलेली लिपी इथे पहिल्या अल्बमच्या आधी लावा. शंभराव्या अल्बमला आठवण झाली तर उपयोग नाही.

पिकार्डने टॅग भरण्याचा आणखी एक फायदा: फाइलमध्ये म्युझिकब्रेन्झचे ओळख क्रमांकही लिहिले जातात. ते पाठवणारा प्लेअर असेल तर लिसनब्रेन्झला नावावरून अंदाज करत बसावं लागत नाही.

> सावधान: फूबार२००० मधली ऐकल्याची आकडेवारी ‘प्लेबॅक स्टॅटिस्टिक्स’ कंपोनंटमध्ये असते आणि ती कलाकार, अल्बम, ट्रॅक क्रमांक, नाव अशा टॅगवरून गाण्याला चिकटलेली असते. टॅग बदलले की ती आकडेवारी सुटून जाऊ शकते. जुने आकडे प्रिय असतील तर दुरुस्तीआधी त्यांची निर्यात करून ठेवा.

> तपासा: यादी पुन्हा कलाकारांप्रमाणे लावा. जोड्या दिसायच्या थांबल्या का? निदान जे कलाकार तुम्ही रोज ऐकता तेवढे तरी स्वच्छ झाले असतील तर पुढे जा. दहा वर्षांपूर्वी उतरवून कधीच न ऐकलेल्या फोल्डरवर आत्ता रात्री जागवू नका.

## टप्पा ३: खातं, खासगीपणा आणि घड्याळ

लास्ट.एफएम की लिसनब्रेन्झ? लास्ट.एफएमला जोडता येणारे प्लेअर सर्वांत जास्त आणि तक्तेही देखणे. लिसनब्रेन्झ म्युझिकब्रेन्झवाल्यांचंच, मुक्त स्रोत, आणि तिथला आपला डेटा सरळ उतरवून घेता येतो. दोन्हीकडे एकाच वेळी पाठवायला हरकत नाही. टप्पा १ मधला नियम एका सेवेपुरता आहे. एका गाण्याची नोंद एका सेवेत एकदाच गेली पाहिजे.

लिसनब्रेन्झसाठी म्युझिकब्रेन्झचं खातं लागतं. त्याचा ईमेल पडताळून घ्या. मग सेटिंगमधून यूझर टोकन कॉपी करा. टोकन म्हणजे पासवर्डच समजा: स्क्रीनशॉटमध्ये येऊ देऊ नका.

काहीही पाठवण्याआधी हे पक्कं समजा की लिसनब्रेन्झवरच्या नोंदी सार्वजनिक असतात. लास्ट.एफएममध्ये अलीकडे ऐकलेलं लपवण्याची सोय प्रायव्हसी सेटिंगमध्ये आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. नोंदीत वेळ असते. रोज रात्री तुम्ही किती वाजेपर्यंत जागे होतात आणि सुट्टीच्या दिवशी किती वाजता उठलात, हे त्या वेळांवरून कुणालाही कळतं. खऱ्या नावाऐवजी टोपणनाव घ्यावं ते याचसाठी.

शेवटी कॉम्प्युटरचं घड्याळ. नोंदीवर गाणं सुरू झाल्याची वेळ असते आणि ती जागतिक वेळेत पाठवली जाते. त्यामुळे तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये वेळ आणि टाइम झोन दोन्ही आपोआप घेतले जातायत ना ते पाहा. टाइम झोन चुकीचा ठेवून घड्याळाचे काटे हाताने जुळवले असतील तर पडद्यावर वेळ बरोबर दिसते, नोंदी मात्र काही तास मागे किंवा पुढे जातात. भविष्यातली वेळ लागलेली नोंद लास्ट.एफएम स्वीकारतच नाही.

## टप्पा ४: आता प्लेअर जोडा

एका वेळी एकच प्लेअर. तो जोडून, टप्पा ५ मधली चाचणी करून, मगच दुसरा.

म्युझिकबी: प्रेफरन्सेसमध्ये लास्ट.एफएमचं खातं भरा आणि गाणी पाठवण्याच्या पर्यायावर खूण करा. विंडोजवर फाइलीच ऐकत असाल आणि जास्त खटपट नको असेल तर हाच घ्या.

फूबार२०००: स्क्रॉबलिंगचा कंपोनंट प्रेफरन्सेसच्या कंपोनंट्स पानावरून बसवा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा आणि ब्राउझरमधून परवानगी द्या. परवानगीच्या पानावर ‘हो’ म्हटल्यावर लोक ब्राउझर बंद करून मोकळे होतात. परत फूबारमध्ये येऊन जोडणी झाल्याचं दिसतंय का आणि ‘अप्लाय’ दाबलंत का, ते बघा. फूबारची स्वतःची आकडेवारी वेगळ्या अटीवर मोजली जाते, म्हणून तिथला आकडा आणि लास्ट.एफएमवरचा आकडा जुळणार नाही. जुळवायला जाऊही नका.

स्ट्रॉबेरी: सेटिंगमध्ये स्क्रॉबलरचं पान आहे, तिथेच लास्ट.एफएम आणि लिसनब्रेन्झ दोन्ही जोडता येतात. त्या पानावरचे तीन पर्याय वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक, कोणत्या प्रकारच्या स्रोतांची नोंद पाठवायची. रेडिओ स्ट्रीम नको असेल तर तिथली खूण काढा. दोन, कलाकाराऐवजी अल्बम आर्टिस्ट पाठवायचा का. संकलनाचे अल्बम असतील तर हे चालू ठेवू नका, नाहीतर सगळी गाणी ‘विविध कलाकार’ या नावावर जमा होतील. तीन, फक्त साठवून ठेवण्याचा ऑफलाइन पर्याय. हा चुकून चालू राहिला की नोंदी कॉम्प्युटरवरच पडून राहतात.

रिदमबॉक्स: प्लगइनच्या यादीतून चालू करा, खातं जोडा. एवढंच.

वेब स्क्रॉबलर: बसवल्या बसवल्या ते शेकडो साइटवर चालू होतं, आणि सगळी भानगड तिथे सुरू होते. सेटिंगमध्ये जाऊन आधी सगळ्या साइट बंद करा. मग टप्पा १ च्या यादीत ज्या साइटींसमोर तुम्ही त्याचं नाव लिहिलंय तेवढ्याच चालू करा. यूट्यूबसाठी ‘फक्त संगीत विभागातले व्हिडिओ’ असा पर्याय आहे, तो लावा. नावं व्हिडिओच्या शीर्षकावरून काढली जातात, त्यामुळे ‘पूर्ण गाणं’, ‘अधिकृत व्हिडिओ’, चॅनेलचं नाव असं सगळं चिकटून येऊ शकतं. एक्स्टेन्शनच्या चिन्हावर क्लिक केलं की त्या गाण्याचं नाव जागच्या जागी सुधारता येतं आणि ती दुरुस्ती पुढच्या वेळी लक्षात राहते. सुरुवातीचे काही दिवस हे नेटाने केलंत तर नंतर हात लावावा लागत नाही.

बाहेरून पाहणारं सॉफ्टवेअर: अ‍ॅप्सच्या यादीत फक्त हवे ते प्लेअर निवडा. ब्राउझर निवडू नका.

> सावधान: जुन्या प्रयोगात बसवलेला लास्ट.एफएमचा डेस्कटॉप स्क्रॉबलर अजून घड्याळाशेजारच्या चिन्हांत लपून बसलाय का ते बघा. कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत तो सापडतो.

## टप्पा ५: पाच गाण्यांची चाचणी

नवीन जोडलेल्या प्लेअरमध्ये पाच गाणी ओळीने लावा आणि दुसऱ्या खिडकीत प्रोफाइलचं पान उघडं ठेवा.

1. तीन-चार मिनिटांचं साधं गाणं, पूर्ण. नोंद व्हायला हवी.
2. तसंच दुसरं, पण दहाव्या सेकंदाला पुढचं गाणं लावा. नोंद व्हायला नको.
3. दहा मिनिटांपेक्षा मोठं काहीतरी. साडेचार मिनिटांनी बदला. नोंद व्हायला हवी.
4. नाव देवनागरीत असलेलं गाणं. प्रोफाइलवर प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसता कामा नयेत.
5. पाहुणा गायक असलेलं गाणं. कलाकाराचं नाव २.३ च्या नियमाप्रमाणे आलं का?

काही प्लेअर गाणं संपल्यावर किंवा थोडं थांबून नोंद पाठवतात, म्हणून दोन-चार मिनिटं धीर धरा आणि पान रिफ्रेश करा. लिसनब्रेन्झवर नोंदींची यादी आणि आकडेवारी वेगवेगळी चालते. यादीत गाणं आलं असेल आणि तक्त्यात नसेल तर काळजी नको, तक्ते अधूनमधूनच नव्याने काढले जातात.

दुहेरी नोंद झाली तर ती नीट वाचा, गुन्हेगार कोण ते तिथेच कळतं. समजा ९ वाजून १४ मिनिटांना एकच गाणं दोनदा दिसतंय. एका ओळीत अल्बमचं नाव आणि चित्र आहे, दुसरीत नाही. अल्बम नसलेली ओळ बहुतेक बाहेरून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरची किंवा ब्राउझरची. एका ओळीत गाण्याच्या नावापुढे ‘रीमास्टर्ड’ आहे आणि दुसरीत नाही? मग एकाने ते शेपूट छाटलं, दुसऱ्याने तसंच पाठवलं. खात्री करायची असेल तर एक एक पाठवणारा बंद करून तेच गाणं पुन्हा लावा. अंदाजाने दोन्ही काढून टाकू नका.

> तपासा: पाचपैकी चार नोंदी, प्रत्येक एकदाच, वेळ बरोबर. यात काही कमी-जास्त असेल तर दुसरा प्लेअर जोडू नका.

चाचणीत झालेल्या चुकीच्या नोंदी लगेच काढा. लास्ट.एफएमवर एकेक नोंद खोडणं सगळ्यांना जमतं. आधीच्या नोंदींमधली नावं बदलण्याची सोय मात्र सशुल्क सदस्यांनाच आहे. टप्पा २ वर इतका वेळ का घालवला त्याचं उत्तर हेच.

## टप्पा ६: इंटरनेट नसताना

चांगला प्लेअर नोंदी साठवून ठेवतो आणि जोडणी मिळाली की पाठवतो. हे गृहीत धरू नका, करून बघा: वायफाय बंद करा, दोन गाणी ऐका, प्लेअर बंद करा, वायफाय चालू करून प्लेअर उघडा. दोन्ही नोंदी मूळ वेळेसह आल्या पाहिजेत.

लास्ट.एफएम साधारण दोन आठवड्यांपेक्षा जुन्या वेळेची नोंद नाकारतं. म्हणजे महिनाभर लॅपटॉप ऑफलाइन वापरलात तर सुरुवातीचे दिवस गेलेच. मधे एकदा जोडून घ्या. साठवलेली रांग प्लेअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असते, गाण्यांच्या फोल्डरमध्ये नव्हे. विंडोज नव्याने टाकण्याआधी ती रिकामी झाली का ते पाहा.

## टप्पा ७: जुना इतिहास आणायचा असेल तर

आधी स्वतःला विचारा, खरंच हवा आहे का? नव्या खात्यावर कोऱ्या पाटीने सुरुवात करणं वाईट नाही. हवाच असेल तर आयात करण्याआधी सीमारेषा आखा: अमुक तारखेपर्यंतचं आयातीतून, त्यानंतरचं थेट प्लेअरकडून. दोन्हीची सरमिसळ झाली की एकाच ऐकण्याच्या दोन नोंदी होतात, आणि वेळेत काही सेकंदांचा किंवा नावात थोडासा फरक असला तर सेवेला त्या वेगळ्याच वाटतात.

लास्ट.एफएमवरून लिसनब्रेन्झवर यायचं असेल तर लिसनब्रेन्झमध्येच आयातीची सोय आहे. ती पूर्ण होऊ द्या आणि मग त्या सेवेसाठी प्लेअर जोडा.

स्पॉटिफायकडून जुना इतिहास मागवता येतो. खात्याच्या प्रायव्हसी पानावर दोन वेगवेगळ्या मागण्या आहेत: साध्या ‘अकाउंट डेटा’मध्ये साधारण शेवटच्या वर्षाचा इतिहास येतो, ‘एक्स्टेंडेड स्ट्रीमिंग हिस्टरी’मध्ये खातं उघडल्यापासूनचा. दुसरी यायला ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. ती जेसन फाइलींत येते आणि ती वापरताना दोन गोष्टी हमखास चुकतात:

- त्यातली वेळ गाणं थांबल्याची असते, आणि तीही जागतिक वेळेत. स्क्रॉबलला सुरू झाल्याची वेळ लागते. म्हणून गाणं किती वेळ वाजलं तो आकडा त्यातून वजा करा. तो मिलिसेकंदांत असतो, आधी १००० ने भागा.
- दोन-पाच सेकंद वाजवून सोडलेली गाणीही त्यात असतात. ३०००० मिलिसेकंदांच्या आतल्या सगळ्या ओळी निदान गाळाच.

> सावधान: वर्षांपूर्वीचा इतिहास लास्ट.एफएममध्ये भरून देतो म्हणणारी साधनं दोन आठवड्यांची अट चुकवण्यासाठी जुन्या नोंदींना आजकालच्या तारखा लावतात. एकूण आकडा फुगतो, पण या महिन्याचे आणि या वर्षाचे सगळे तक्ते खोटे होतात. मी तरी कुणाला हे करायला सांगणार नाही. जुन्या तारखांसह इतिहास हवा असेल तर तो लिसनब्रेन्झवर न्या.

## टप्पा ८: बॅकअप

लिसनब्रेन्झच्या सेटिंगमधून आपल्या नोंदी निर्यात करता येतात. लास्ट.एफएमसाठी त्यांच्या एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला डेटा देणाऱ्या सोयीतून, नोंदी ओढणारी बाहेरची साधनं आहेत. ती एका वेळी एक पान, जास्तीत जास्त २०० नोंदी, अशा हप्त्यांनी काम करतात, त्यामुळे मोठ्या खात्याला वेळ लागतो. यासाठी तुमचा पासवर्ड मागणारं साधन वापरू नका. सार्वजनिक नोंदी वाचायला नुसतं खात्याचं नाव पुरतं.

आलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली तर देवनागरी नावांचा चिवडा होऊ शकतो. ‘डेटा’ टॅबमधून मजकूर फाइल म्हणून आत घ्या आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. वेळेच्या रकान्यात दहा आकडी संख्या दिसली तर ते १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद आहेत. त्या संख्येला ८६४०० ने भागा, त्यात २५५६९ मिळवा आणि सेलला तारीख-वेळेचा फॉरमॅट द्या. ही जागतिक वेळ मिळेल. आपल्या टाइम झोनचा तासांतला फरक २४ ने भागून त्यात मिळवला की घड्याळाची वेळ.

> तपासा: फाइलमधल्या ओळींची संख्या आणि प्रोफाइलवरचा एकूण आकडा जवळपास सारखा आहे का? बराच कमी असेल तर उतरवणं मधेच तुटलंय. पुन्हा चालवा.

## टप्पा ९: महिन्यातून एकदा आणि मशीन बदलताना

महिन्यातून एकदा त्या महिन्याची कलाकारांची यादी उघडून शेवटची दोन-तीन पानं बघा. वरच्या पानांवर आवडते लोक असतात, घाण तळाशी साचते: एक-एक नोंदीचे विचित्र कलाकार, व्हिडिओची शीर्षकं, नवीन स्पेलिंगं. आधी मूळ सुधारा, म्हणजे टॅग किंवा एक्स्टेन्शनमधली दुरुस्ती, आणि मग नोंद खोडा. उलट क्रमाने केलंत तर तेच नाव पुढच्या आठवड्यात पुन्हा येतं.

आठवडाभर एकही नोंद नसेल तर या क्रमाने शोधा: प्लेअरमधलं स्क्रॉबलचं बटण चुकून बंद झालंय का (स्ट्रॉबेरीत ते टूलबारवरच असतं), ऑफलाइन पर्याय चालू आहे का, खात्याची परवानगी अजून टिकून आहे का, आणि शेवटी घड्याळ.

जुना कॉम्प्युटर देऊन टाकण्याआधी रांगेतल्या नोंदी पाठवून द्या, प्लेअरमधून खात्यातून बाहेर पडा, लास्ट.एफएमच्या अ‍ॅप्लिकेशन्स पानावर त्या प्लेअरची परवानगी रद्द करा आणि लिसनब्रेन्झचं टोकन नवीन घ्या. परवानगी रद्द केल्यावर तोच प्लेअर दुसऱ्या मशीनवर असेल तर तो पुन्हा जोडावा लागेल. टोकन बदललं की ते वापरणारे सगळे प्लेअर एकदम थांबतात, फोनवरचेसुद्धा. टप्पा १ ची यादी समोर घ्या, प्रत्येक ओळीत नवीन टोकन भरा आणि प्रत्येकावर एक गाणं पूर्ण वाजवून नोंद आली का ते बघा.